जेनीची ३०१ पत्रे: लिखाणावरून स्वभाव ताडण्याचा इतिहास

१/ मार्च १९२६. अमेरिकेतील ५८ वर्षांची एक विधवा आपल्या मुलाच्या महाविद्यालयीन मित्राला आणि त्याच्या पत्नीला पत्रे लिहू लागली. १९३७ मध्ये तिचा मृत्यू झाला, तोवर पत्रांची संख्या ३०१ झाली होती. पैशांची विवंचना, एकुलत्या एका मुलाशी विकोपाला गेलेले भांडण, त्याच्या आयुष्यातील स्त्रियांविषयीचा जळफळाट आणि १९२९ मध्ये तो गेल्यानंतरचे एकाकीपण, असे सारे त्यांत उतरले. इतिहास तिला ‘जेनी मास्टरसन’ या टोपणनावाने ओळखतो.

२/ ही पत्रे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९४६ मध्ये नियतकालिकातून आणि १९६५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांचा प्रश्न सरळ होता: ज्या व्यक्तीला कधी पाहिले नाही, तिचा स्वभाव केवळ तिच्या अक्षरांतून कितपत कळतो? ३६ जणांना पत्रे वाचायला देण्यात आली. त्यांनी जेनीसाठी मिळून १९८ विशेषणे योजली. पण त्यांची गाळणी केली तेव्हा आठच गट उरले. भांडखोर व संशयी, आत्मकेंद्रित, स्वतंत्र वृत्तीची, नाट्यमय, आक्रमक, निराशावादी, भावविवश. आणि आठवा, जो सहज विसरला जातो: सौंदर्यासक्त.

३/ स्वभाव शब्दांत साठलेला असतो, ही कल्पना ऑलपोर्ट यांच्याही आधीची. १८८४ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी इंग्रजी शब्दसंग्रह चाळून स्वभाववाचक शब्द हजाराच्या घरात असल्याचा अंदाज बांधला होता. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी अख्खा शब्दकोश पिंजून १७,९५३ शब्द काढले. त्यांतील सुमारे साडेचार हजार स्थिर स्वभावगुणांचे. याच ढिगाऱ्याची पुढच्या संशोधकांनी चाळणी केली आणि त्यातून आजचे ‘पाच महागुण’ आकाराला आले: खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थैर्य.

४/ १९६०च्या दशकात जेफ्री पेज या तरुण संशोधकाने जेनीची पत्रे संगणकाला दिली. यंत्राने शब्दांची वर्गवारी केली, सांख्यिकीने घटक वेगळे काढले. तेही आठच! निष्कर्ष मानवी वाचकांशी बऱ्याच अंशी जुळला. मात्र पत्रे ज्याला लिहिली गेली तो ‘ग्लेन’ म्हणजे खुद्द ऑलपोर्टच, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. ‘कधी न पाहिलेल्या’ स्त्रीची पारख मांडणारा तिचा चांगला परिचित होता. स्वतः जेनी तोवर हयात नव्हती. आपल्यावर चिकटलेली विशेषणे वाचणे तिच्या नशिबी आले नाही.

५/ १९९०च्या दशकात टेक्सासमधील जेम्स पेनेबेकर यांनी मोठ्या शब्दांकडून लक्ष छोट्या शब्दांकडे वळवले. सर्वनामे, अव्यये, नकार. खिन्न मनःस्थितीतील विद्यार्थी लिहिताना ‘मी’ अधिक वापरतात, असे २००४ च्या एका अभ्यासात आढळले. परंतु ही मोजणी इंग्रजीच्या मापाने बेतलेली. मराठीत ‘कंटाळून गेलो आहे’ एवढे लिहिले की ‘मी’ न उच्चारताही बोलणारा कोण, हे क्रियापदच सांगते. सर्वनामे मोजणारे यंत्र येथे खिन्नतेच्या शेजारून निघून जाईल. शिवाय इंग्रजीतही हे सहसंबंध क्षीणच होते: हजारोंच्या सरासरीत दिसणारे, एका माणसाविषयी फारसे न सांगणारे.

६/ २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने ७५,००० स्वयंसेवकांचे फेसबुकवरील लिखाण तपासले. ७० कोटी शब्द आणि शब्दसमूह! बहिर्मुखांच्या लिखाणात पार्टी, अंतर्मुखांच्या लिखाणात संगणक आणि जपानी चित्रमालिका. वाचून कोणीही म्हणेल, यात नवल ते काय? नवल प्रमाणाचे होते. ३६ वाचकांना जे काम सावकाश करावे लागले, ते आता लाखोंच्या बाबतीत कोणालाही करता येणार होते.

७/ आणि ते करू पाहणारे पुढे आलेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या ॲडमिरल या विमा कंपनीने नवख्या वाहनचालकांसाठी योजना आखली: फेसबुकवरील लिखाण तपासू द्या, सवलत मिळवा. छोटी, नेमकी वाक्ये लिहिणारा, मित्रांना भेटीची निश्चित वेळ व स्थळ कळवणारा, तो सावध चालक. उद्गारचिन्हांची उधळण करणारा, ‘नेहमी’ आणि ‘कधीच नाही’ म्हणणारा, तो फाजील आत्मविश्वासाचा. फेसबुकने नियमांवर बोट ठेवून ऐन वेळी हे रोखले. त्याच फेसबुकचा स्वतःचा गल्ला मात्र वापरकर्त्यांच्या माहितीवर बेतलेल्या जाहिरातींनीच भरत होता.

८/ २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आले. तेथील मुख्य कच्चा माल लिखाण नव्हे, ‘लाइक्स’ होते. शोध मात्र त्याच पाच महागुणांचा. एका स्वभावचाचणीच्या ॲपमधून चाचणी देणाऱ्यांच्या मित्रांचीही माहिती खेचली गेली. फेसबुकच्याच हिशेबाने जगभरात ८ कोटी ७० लाख जणांपर्यंत ही झळ पोहोचली असावी. भारतात ते ॲप उघडणारे होते अवघे ३३५. त्यांच्यामुळे ज्यांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती, त्यांची एकूण संख्या ५,६२,४५५.