जोडलेली डिस्क सुटी करताना

अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांचा एकच साठा करायचा, ही पद्धत 1990च्या सुमारास रुळली. 1988मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कांच्या संचाची, म्हणजे रेडची, मांडणी केली. 1990मध्ये आयबीएमच्या एआयएक्सबरोबर लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर आला. तिथून पुढचा इतिहास बहुधा वाढीचाच सांगितला जातो: डिस्क जोडली, साठा वाढला, काम बंद पडले नाही. जोडलेली डिस्क चालू साठ्यातून पुन्हा सुटी करण्याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही, आणि तो वाढीच्या इतिहासापेक्षा अधिक बोलका आहे. झेडएफएस ही या क्षेत्रातली अत्यंत विचारपूर्वक बांधलेली फाइल सिस्टीम. तिचा स्रोत 2005मध्ये खुला झाला, पण साठ्यातली मूळ डेटा-डिस्क काढण्याची सोय तिच्या खुल्या शाखेत 2018मध्ये आली. या तेरा वर्षांना दुर्लक्ष म्हणणे मला अन्यायाचे वाटते. डिस्क काढता येईल की नाही, हे डेटाचा पत्ता किती ठिकाणी लिहून ठेवला आहे आणि तो नंतर बदलण्याची मुभा कोणाला आहे, यावर ठरते. हा निर्णय फाइल सिस्टीमच्या पहिल्या आराखड्यातच होऊन जातो.

व्हॉल्यूम मॅनेजरच्या काळात हे काम सोपे होते, कारण पत्ता एकाच ठिकाणी होता. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी 1998च्या सुमारास लिनक्ससाठी लिहिलेल्या एलव्हीएममध्ये डिस्कचे सारख्या आकाराचे तुकडे पडतात, आणि कोणता तुकडा कोणत्या डिस्कवर आहे याचा एक तक्ता असतो. वरच्या फाइल सिस्टीमला त्या तक्त्याची खबरही नसते. ‘पीव्हीमूव्ह’ ही कमांड तुकड्याची दुसऱ्या डिस्कवर तात्पुरती जोडप्रत करते, दोन्ही प्रती जुळल्या की तक्त्यातली नोंद बदलते आणि जुनी प्रत सोडून देते. डिस्क रिकामी झाली की ती गटातून काढायची. वेरिटासच्या व्हॉल्यूम मॅनेजरमध्येही डिस्क रिकामी करण्याची अशीच कमांड होती; या कंपनीचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते, त्यामुळे तिथल्या अनेक अभियंत्यांना हा विषय जवळचा आहे. पण या सोयीला एक मर्यादा होती. उरलेल्या डिस्कांवर मोकळी जागा नसेल तर आधी वरची फाइल सिस्टीम आक्रसवावी लागे, आणि सगळ्यांना ते जमत नसे. एक्सएफएस वाढत असे, पण आक्रसत नसे. म्हणजे खालचा थर हलवाहलव करू शकत होता, पण कोणती जागा भरली आहे आणि कोणती रिकामी, हे त्याला ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक होते त्या वरच्या थराला डिस्क दिसत नव्हती.

ही फट बुजवण्यासाठीच झेडएफएसने दोन्ही थर एकत्र केले. सन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आह्रेन्स यांनी 2001मध्ये हे काम सुरू केले. फाइल सिस्टीमनेच सगळ्या डिस्कांचा एक पूल सांभाळायचा, ही त्यामागची कल्पना. भरलेल्या-रिकाम्या जागेची माहिती आणि डिस्कांची माहिती आता एकाच ठिकाणी होती, तेव्हा डिस्क काढणे उलट सोपे व्हायला हवे होते. तसे झाले नाही, आणि कारण झेडएफएसच्या सर्वांत मोठ्या गुणात आहे. तिच्यात प्रत्येक ब्लॉककडे बोट दाखवणारा 128 बाइटचा निर्देशक असतो. ब्लॉक कोणत्या उपकरणावर, किती अंतरावर आहे आणि त्यातल्या मजकुराची पडताळणी-बेरीज किती, हे त्यात लिहिलेले असते. हे निर्देशकही ब्लॉकांतच साठवलेले असतात, आणि त्या ब्लॉकांची पडताळणी-बेरीज त्यांच्या वरच्या निर्देशकात असते. म्हणून खाली एक पत्ता बदलला की वरची बेरीज बदलते, तिच्या वरची बदलते, आणि हे थेट मुळापर्यंत जाते. लिहिलेला ब्लॉक जागच्या जागी कधीच बदलायचा नाही, या नियमामुळे स्नॅपशॉट, म्हणजे साठ्याची त्या क्षणीची गोठवलेली रूपे, जवळजवळ फुकट मिळतात. पण त्याच नियमामुळे एकाच ब्लॉकचा पत्ता दहा स्नॅपशॉटांमध्ये आणि त्यांच्यापासून काढलेल्या क्लोनांमध्ये कोरलेला राहतो. तो ब्लॉक हलवायचा तर ही सगळी झाडे पालथी घालून प्रत्येक पत्ता नव्याने लिहावा लागेल. शिवाय कोणता ब्लॉक कुठे गेला हे सतत लक्षात ठेवावे लागेल, नाहीतर एकाच्या दहा प्रती होतील. तेही पूल चालू असताना, आणि मध्येच वीज गेली तरी काही बिघडता कामा नये.

या कामाला सनमध्ये ‘ब्लॉक पॉइंटर रीराइट’ म्हणत. त्यावर खरोखर बरेच काम झाले. पण 2010मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली तोवर, आणि नंतरही, ते काम शेवटाला गेले नाही. आह्रेन्स यांनी नंतर जाहीर व्याख्यानांतून याचे कारण सांगितले आहे: हा बदल सगळ्या थरांना आरपार छेदून जातो, आणि तो एकदा आत आला की पुढे दुसरे काही जोडणे अवघड होऊन बसेल. म्हणून सोय अर्धवट आली. राखीव डिस्क, कॅशची डिस्क आणि 2009पासून लॉगची डिस्क काढता येऊ लागली. त्यांच्यावर स्नॅपशॉटांचे पत्ते नसतात, त्यामुळे त्या काढायला अडचण नव्हती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. डिजिटल कंपनीच्या एडव्हीएफएसमध्ये ‘आरएमव्हॉल’ ही कमांड 1990च्या दशकातच होती. वापरात असलेल्या फाइल सिस्टीममधून ती अख्खी डिस्क काढत असे. लिनक्सची बीटीआरएफएस 2009मध्ये मुख्य कर्नेलमध्ये आली तेव्हाही डिस्क काढता येत होती, आणि स्नॅपशॉट व पडताळणी-बेरीज तिच्यातही आहेत. मग झेडएफएसचेच का अडावे? एडव्हीएफएसचे उत्तर सरळ आहे. तिच्यात एकाच ब्लॉकवर अनेक स्नॅपशॉटांची मालकी असण्याचा प्रश्न जवळपास नव्हता, त्यामुळे फाइलचा पत्ता एका जागी बदलला की काम झाले. बीटीआरएफएसचे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. तिथे प्रत्येक तुकड्याजवळ उलटी नोंद असते: हा तुकडा कोण कोण वापरते. डिस्क काढताना त्या नोंदींवरून मालक शोधायचे आणि त्यांचे पत्ते बदलायचे. म्हणजे तिने काढण्याची किंमत पहिल्या दिवसापासून, प्रत्येक लेखनागणिक, हप्त्याने भरली. स्नॅपशॉट पुष्कळ झाले की हे मालक शोधणेच फार वेळ खाते, हा तिच्या वापरकर्त्यांचा नेहमीचा अनुभव. आक्षेपातून सिद्ध होते ते इतकेच की दुसरा मार्ग शक्य होता. तो मार्गही महागच होता.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे: मोठ्या ग्राहकांचा साठा कधी कमी होत नाही, तेव्हा काढण्याची गरजच कोणाला होती? उशीर होण्यात या विचाराचा हातभार असणार, हे मान्य करायला हवे. पण तो विचार दोन ठिकाणी लंगडा पडतो. पहिले, माणसाच्या हातून चूक होते. असलेल्या डिस्कला आरशासारखी जोडप्रत लावायची असताना घाईत चुकीची कमांड देऊन नवी डिस्क पुलात स्वतंत्र म्हणून घातली, की पुढे ती एकटी गेली तरी सगळा पूल गेला. पुलात आधीच जोडप्रती असतील तर झेडएफएस अशा वेळी इशारा देते; मूळ डिस्क एकटीच असेल तर तोही मिळत नाही. एकदा पुढे गेलेल्याला 2018पर्यंत परतीची वाट नव्हती. पूल नव्याने बांधून डेटा परत भरणे, हाच उपाय. दुसरे, साठा आभासी झाला. भाड्याने घेतलेल्या क्लाउड डिस्कचे पैसे महिन्याला जातात, आणि झेडएफएसमध्ये डिस्क बदलायची तर नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी लागते. गरज संपली तरी भाडे चालूच. कमी करणे ही चैन आहे, हे म्हणणे तिथे खोटे ठरले.

शेवटी डेल्फिक्स कंपनीत आह्रेन्स यांनीच जो मार्ग काढला, त्यात पत्ते बदलण्याचा आग्रहच सोडून दिला. जाणाऱ्या डिस्कवरची भरलेली जागा सलग पट्ट्यांनी इतर डिस्कांवर उतरवायची, आणि ती डिस्क पुलात नावापुरती ठेवून तिच्या जागी एक तक्ता बसवायचा: जुनी जागा अमुक, नवी तमुक. आपल्याकडे एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तरी जुनी खरेदीखते कोणी नव्याने लिहून काढली नाहीत. जुळणीचा उतारा पाहून काम चालते. तशीच ही व्यवस्था आहे. जुने स्नॅपशॉट गेलेल्या डिस्कचाच पत्ता सांगत राहतात आणि तक्ता त्यांना वाट दाखवतो. हा बदल 2018च्या आरंभी इल्युमॉस या खुल्या प्रणालीत आणि मे 2019मध्ये लिनक्सवरच्या 0.8 आवृत्तीत आला. मला तो तेरा वर्षांपूर्वीच्या निर्णयाशी प्रामाणिक वाटतो, कारण लिहिलेले बदलायचे नाही हा शब्द त्यात मोडलेला नाही.

किंमत मात्र उरतेच. तक्ता मेमरीत राहतो, आणि जुने ब्लॉक मोकळे होतील तसतसाच तो आटतो. डिस्क काढण्याआधी तक्ता किती मेमरी खाईल याचा अंदाज कमांडच देते. माझ्या मते तो न पाहता पुढे जाणे धोक्याचे आहे. पट्टीने नक्कल करताना कोणता ब्लॉक कुठे सुरू होतो हे माहीत नसते, म्हणून त्या वेळी पडताळणी-बेरीज तपासली जात नाही. जी फाइल सिस्टीम पडताळणीसाठीच नावाजली तिला ही सवलत द्यावी लागली. रेड-झेड, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा परत मिळवण्यासाठी समता-माहिती (पॅरिटी) ठेवणारे डिस्कांचे गट, असलेल्या पुलात तर हा मार्ग चालतच नाही, कारण तिथे प्रत्येक ब्लॉकची समता-माहिती गटातल्या डिस्कांच्या संख्येनुसार मांडलेली असते आणि आंधळ्या पट्टीने ती हलवता येत नाही. जानेवारी 2025मध्ये झेडएफएसच्या खुल्या शाखेची, म्हणजे ओपनझेडएफएसची, 2.3 आवृत्ती आली, आणि रेड-झेड गटात एक डिस्क वाढवता येऊ लागली. त्या गटातून एक डिस्क कमी करण्याची सोय तिच्यातही नाही. घरी किंवा छोट्या कचेरीत चार-सहा डिस्कांचा साठा उभा करणाऱ्याने गटाचा प्रकार निवडण्याआधी ही गोष्ट जाणून घ्यायला हवी; एरवी त्याच्यापुढे जोडप्रतींचा मार्ग मोकळा आहे, आणि जागा जास्त खाणारा असला तरी त्यातली डिस्क आज काढता येते.