घरचा सूर आणि त्याचा धनी

एडिसनच्या 1877 सालच्या फोनोग्राफावर घरबसल्या आपलें गाणें मुद्रित करितां येई व ऐकितांही येई. पुढें तबकडी आली. 1902 सालीं कलकत्त्यास गौहरजानचे सूर तींत उमटले. पण मुद्रणाचा अधिकार कंपन्यांकडे गेला. घरीं केवळ ऐकणें उरलें. नभोवाणीनें तर 1940 सालीं पेटीच वर्ज्य केली. ती बंदी 1971 सालीं सैल झाली. भंडाऱ्याच्या झाडीपट्टींत मात्र नाट्यपदांना पेटीची साथ लाभतच राहिली. 1963 सालीं निघालेल्या कॅसेटनें हरपलेला अधिकार पुढें घरोघर परत आणिला. आज साकोलीचा पेटीवादक आपलें गाणें-वाजविणें मोबाइलवर टिपून दूरच्या कलावंत स्नेह्यांस क्षणांत धाडूं शकतो. घरचा सूर पुन्हां घरधन्याच्या स्वाधीन झाला आहे.