प्रवरेकांठची पानगोष्ठी

संगमनेर हें नांव संगमानें दिलेलें आहे. सह्याद्रींत रतनगडाच्या परिसरांत उगम पावलेली प्रवरा भंडारदरा व अकोलें मागें टाकून येथें येते, आणि म्हाळुंगी तिला येऊन मिळते. नद्यांप्रमाणें रस्त्यानेंही या गांवास महत्त्व दिलें आहे. पुणें-नाशिक महामार्गावर नारायणगांव आणि नाशिक यांच्या जवळजवळ मध्यावर संगमनेर येतें. आणि स्वतंत्र भारतांत उंची वाइन करण्याचा उद्योग ज्या ठिकाणीं प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, त्यांत या दोन नांवांना अग्रस्थान आहे. शनिवार-रविवारची सुटी साधून पुण्याकडील मित्रमंडळी नाशिकचे द्राक्षमळे पाहण्यास आणि तेथील वाइनची चव घेण्यास निघते, तेव्हां ती संगमनेरावरून पुढें जाते.

या प्रवासाविषयीं सुशिक्षित घरांतही दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, हें पाश्चात्त्यांचें अनुकरण. दारूला दिलेलें एक गोंडस नांव. कोणी म्हणतो, ही नव्या युगाची रसिकता. जुन्या मंडळींस ती काय कळणार? गंमत अशी कीं, एका बाबतींत दोन्ही पक्षांचें एकमत आहे. ही गोष्ट नवी आहे, असें दोघेही धरून चालतात. या समजुतीची परीक्षा करण्यास फार दूर जावें लागत नाहीं. संगमनेरहून प्रवरेच्या प्रवाहाबरोबर खालीं नेवाशापर्यंत गेलें म्हणजे पुरे.

वाटेंत पहिला मुक्काम जोर्व्याचा. संगमनेर तालुक्यांतील या लहानशा गांवीं १९५०-५१ सालीं डॉ. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनीं उत्खनन केलें, आणि सुमारें ख्रिस्तपूर्व १४०० ते ७०० या काळांतील ताम्रपाषाण संस्कृतीस 'जोर्वे संस्कृति' हें नांव कायमचें मिळालें. तांबूस अंगावर काळ्या रेषांची नक्षी असलेलीं तेथील भांडीं इतकीं उत्तम भाजलेलीं आहेत कीं टिचकी मारली असतां खणखणीत आवाज यावा. त्यांत उठून दिसतें तें लांब तोटीचें भांडें, आणि त्याच्या जोडीस लहान लहान वाट्या. त्या तोटींतून पाणी ओतीत, दूध ओतीत कीं आणखी कांहीं, हें खापर सांगत नाहीं. परंतु एका भांड्यांतून अनेकांच्या वाट्यांत बेताबेतानें ओतावें, ही सोय या नदीकांठच्या कुंभारानें तीन हजार वर्षांपूर्वीं करून ठेवली होती, एवढें त्या घडणीवरून दिसतें.

नेवाशास आलें म्हणजे मद्याचा प्रत्यक्ष माग लागतो. १९५४ ते १९५६ या काळांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें तेथें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन थरांत भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यघटांचीं खापरें मिळालीं. हे घट दोन कानांचे, अरुंद गळ्याचे आणि निमुळत्या बुडाचे असत; एकेकांत साधारण २५ लिटर मद्य मावे. पश्चिम भारतांत अन्यत्र मिळालेलीं अशीं कांहीं खापरें पूर्वीं रोमी समजलीं गेलीं होतीं. तीं वस्तुतः इराकच्या बाजूच्या, आंतून डांबर लावलेल्या घटांचीं आहेत, असें पुढील संशोधनांत ठरलें. म्हणजे दख्खनच्या बाजारास मद्य पुरविणारा देश एकच नव्हता.

हा माल येथवर कसा आला असेल, याचें उत्तर इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेंत सांपडतें. भडोच बंदरांत उतरणाऱ्या मालांत त्यानें मद्याचा उल्लेख केला आहे. इटलीच्या मद्यास विशेष मागणी. त्याखेरीज सिरियांतील लाओडिसियाचें आणि अरबस्तानचेंही येई. त्याच ग्रंथांत पैठण आणि तेर या दख्खनच्या पेठांतून भडोचकडे गाड्यांनीं माल जात असल्याचें सांगितलें आहे. आणखी एक बारकावा लक्षांत घेण्यासारखा आहे. राजासाठीं म्हणून जो निवडक माल आणला जाई, त्यांत 'उत्तम मद्य' निराळें नमूद केलेलें आहे. साधें कोणतें आणि उंची कोणतें, हें पारखणारे जाणकार त्या काळीं या देशांत होते, याची ही व्यापाऱ्याच्या हिशेबी हातची साक्ष होय. ज्याला पारख नाहीं त्याच्यासाठीं कोणता व्यापारी दोन प्रती बाळगील?

परदेशी घट आले, तसें आपल्या ग्रंथांनीं या विषयाचें शास्त्रही रचलें होतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी आहे. द्राक्षांच्या रसापासून होणाऱ्या मद्यास तेथें 'मधु' म्हटलें असून, कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं नांवें उत्पत्तिस्थानांवरून दिलेलीं आहेत. आज बाटलीवर मळ्याचें व प्रांताचें नांव पाहून वाइन निवडतात. त्या पद्धतीचें मूळ तत्त्व यांत आहेच. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत नागरकाच्या दिनचर्येचें वर्णन करतांना 'आपानक' सांगितलें आहे, म्हणजे मित्रांनीं एकमेकांच्या घरीं जमून करावयाची पानगोष्ठी. हालाच्या गाथासप्तशतींत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृताच्या पहिल्या महत्त्वाच्या काव्यसंग्रहांतही, मद्याचे उल्लेख येतात.

परंतु या सर्वांत अधिक मोलाचें बोलणें वैद्यांचें आहे. चरकसंहितेंत मदात्यय या रोगावर एक संपूर्ण अध्याय आहे. मद्यपानापासून होणारे विकार, मदाच्या पायऱ्या आणि त्यांवरील उपचार तेथें सविस्तर दिले आहेत. पण त्याच अध्यायांत मद्य कसें घ्यावें हेंही सांगितलें आहे. प्रमाण, काळ, सोबतचें अन्न, घेणाऱ्याची प्रकृति आणि भोंवतीची सोबत, या सर्वांचा तेथें विचार आहे. विधि पाळला तर तें अमृतासारखें, न पाळला तर विषासारखें, असा चरकाचा आशय. एकाच अध्यायांत रोग आणि रीति शेजारीं बसविण्यांत त्या वैद्याची दूरदृष्टि दिसते.

मग ही परंपरा खंडित कां झाली? स्मृतिकारांनीं सुरापानास महापातकांत घातलें होतें. बौद्ध आणि जैन आचारांतही मद्य वर्ज्यच होतें. घट वाहून आणणारा रोमी व्यापार पुढें ओसरला. द्राक्षें मात्र दख्खनांतून गेलीं नाहींत. चौदाव्या शतकांत आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानें दौलताबादच्या द्राक्षांची व डाळिंबांची वाखाणणी केली आहे. पण फळ ताटांत राहिलें आणि पानगोष्ठीचें शास्त्र पोथींत राहिलें. समाजांत उरली ती मोहाची, ताडाची वा गुळाची दारू; आणि तिच्या भोंवतीं उरली ती चोरी, कर्ज व भांडण. संगमनेरचे शाहीर अनंतफंदी (१७४४-१८१९) यांनीं लावणीनें रंगविलेला फड पुढें सोडला आणि लोकांना शहाणपण शिकविणारे फटके रचले. ज्या समाजाला फटक्यांची गरज भासली, तो रंगेलपणाची किंमत चांगलीच ओळखून होता.

विसाव्या शतकांत या अनुभवास कायद्याचें रूप आलें. १९३७ सालच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें मुंबई इलाख्यांत दारूबंदीस आरंभ केला, आणि १९४९ सालीं मुंबई दारूबंदी कायदा झाला. परवान्याची जी अट आजही महाराष्ट्रांत ऐकूं येते, ती त्याच कायद्याची देणगी. या कायद्याच्या दृष्टीनें द्राक्षाचा रस आणि हातभट्टी यांत अंतर थोडें होतें.

हें अंतर शेतकऱ्यानें दाखवून दिलें. नाशिक जिल्ह्यांत ओझर येथें रावसाहेब जयराम गायकवाड यांनीं १९२५ सालीं द्राक्षबाग लावली, आणि पुढें सारा निफाड-दिंडोरी भाग मांडवांनीं भरून गेला. १९८० नंतर नारायणगांवीं शामराव चौगुले यांनीं फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्यानें शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन तयार केली. 'ओमर खय्याम' या नांवानें ती परदेशीं गेली. ज्या देशांत दोन हजार वर्षांपूर्वीं परके घट येत, त्या देशाच्या बाटल्या आतां परक्या मेजांवर दिसूं लागल्या. त्यानंतर राजीव सामंत यांनीं नाशिकजवळ शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या जातींची लागवड केली, आणि २००० सालीं 'सुला'ची पहिली वाइन बाजारांत आली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून करांत सवलती दिल्या, आणि नाशिककडे विंचूर व सांगलीकडे पलूस येथें वाइन उद्यानें उभीं राहिलीं.

वाइनच्या मळ्यांतील काम कौशल्याचें आहे. युरोपांत हिवाळ्यांत वेल झोपतो. दख्खनांत तो झोपत नाहीं. म्हणून येथील बागाईतदार वर्षांतून दोन छाटण्या करतो. उन्हाळ्याच्या आरंभीं खरड छाटणी आणि पावसाळा सरतां सरतां फळछाटणी. पीक मात्र एकच घेतो, आणि तोडणी थंडीच्या अखेरीस येते. वाइनचें द्राक्ष खाण्याच्या द्राक्षाहून लहान, बियांचें आणि जाड सालीचें असतें. रस आंबतांना साली त्यांत ठेवल्या म्हणजे तांबडी वाइन होते. रस गाळून साली आधींच वेगळ्या काढल्या म्हणजे पांढरी.

आतां चव घेण्याची रीति पाहूं. चार स्नेही मेजाभोंवतीं बसले आहेत असें समजावें. प्रथम हलकी पांढरी, मग गुलाबी, नंतर तांबडी आणि शेवटीं गोड, असा क्रम. कारण जड चवीनंतर हलकी चव जिभेस लागत नाहीं. पेला तळाच्या दांडीस धरावयाचा, म्हणजे हाताची ऊब रसास लागत नाहीं. पांढऱ्या कापडावर तो तिरपा धरून रंग पाहावा, हलकेच फिरवून गंध घ्यावा, मग लहानसा घोट जिभेवर क्षणभर घोळवावा. पेरू, लिंबू, मिरी, भिजलेली माती, ज्याला जें आठवेल तें त्यानें सांगावें. पुष्कळ जाणकार तो घोट गिळीतही नाहींत. शेजारच्या भांड्यांत टाकून देतात. नवख्यास याचें हसूं येतें, पण मर्म यांतच आहे. वाइनमध्यें मद्यार्क साधारण १२ ते १४ टक्के असतो. तो चढला कीं पारख करणारी जीभच बधिर होते. मधून मधून पाणी आणि पावाचा तुकडा घ्यावा तो यासाठींच.

याहून मजेची गोष्ट म्हणजे बाटली झांकून ठेवण्याची. नांव दिसलें कीं मत आपोआप त्याच्या मागें जातें. २४ मे १९७६ रोजीं पॅरिसमध्यें नामांकित फ्रेंच परीक्षकांपुढें नांवें झांकून फ्रेंच व कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या, तेव्हां पांढऱ्या व तांबड्या या दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियानें पटकावला. ज्यांनीं तो दिला, त्यांनाच तो मोठा धक्का होता. मित्रांच्या बैठकींतही हाच खेळ होतो. महागड्या बाटलीची प्रौढी मिरविणारा गृहस्थ झांकलेल्या साध्या बाटलीस पसंती देतो, सारे हंसतात, आणि अहंकार थोडा उतरतो.

तथापि चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. २००८ नंतरच्या आर्थिक मंदींत वाइनची मागणी घटली. नारायणगांवचा तो पहिला मोठा उद्योग बुडाला. आणि खाण्याच्या द्राक्षांची बाग मोडून वाइनची लावलेल्या अनेक शेतकऱ्यांवर ती उपटून टाकण्याची पाळी आली. उंची पेल्याच्या तळाशीं शेतकऱ्याचें कर्ज असतें, याचा विसर चव घेणारास पडूं नये. शिवाय याच अहिल्यानगर जिल्ह्यांत राळेगणसिद्धि आहे. तेथें अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें दारूच्या भट्ट्या बंद झाल्या आणि गांवाचा कायापालट झाला. महाराष्ट्रांत कित्येक गांवच्या स्त्रियांनीं मतदानांत आडव्या बाटलीवर शिक्का मारून दारूचें दुकान बंद पाडलें आहे. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकूं देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां शेतकऱ्यांच्या हिताचें कारण पुढें करण्यांत आलें. आणि त्यास कडाडून विरोध झाला तो याच जिल्ह्यांतून. आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाईला 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हा युक्तिवाद ऐकविणें सोपें नाहीं. तिनें घर मोडतांना पाहिलेलें असतें.

मग निवाडा काय करावा? प्राचीनांनीं दाखविलेली मर्यादा येथें उपयोगी पडते. त्यांनीं पानगोष्ठीला नियम घातले. तिच्यांत मित्र होते, बोलणें होतें, अन्न होतें आणि प्रमाण होतें. यांतील एकही गोष्ट वगळली म्हणजे उरतें तें नुसतें पिणें, आणि पिण्याला ना शास्त्राची गरज ना मित्रांची. ज्या बैठकींतून उठणारा मनुष्य आलेल्या वाटेनें नीट घरीं जातो, आणि घरच्यांना त्याच्या येण्याची धास्ती वाटत नाहीं, तीच गोष्ठी खरी. गाडी हांकणारानें तर त्या दिवशीं नुसता गंध घेऊन समाधान मानावें. महामार्ग पारख करीत नाहीं.

प्रवरेच्या कांठीं ज्या नेवाशांत मद्यघटांचीं खापरें मिळालीं, त्याच नेवाशांत शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली, तो पैस खांब आजही तेथें पूजिला जातो. त्या एका गांवच्या मातीनें दोन्ही ठेवी जपल्या आहेत. रविवारीं सायंकाळीं नाशिकहून परततांना संगमनेरचा पूल ओलांडणाऱ्या मित्रमंडळीनें खालच्या प्रवाहाकडे एकदां पाहावें. तो त्याच गांवाकडे चाललेला असतो.