सहकारी स्पेक्ट्रम संवेदन

परवानाधारकाचा वारंवारता-पट्टा या क्षणी मोकळा आहे की वापरात, हे अनेक कॉग्निटिव्ह रेडिओ संचांनी आपापल्या जागेवरून ऐकून मिळून ठरवण्याची पद्धत. कॉग्निटिव्ह रेडिओची, म्हणजे भोवतालच्या लहरी ओळखून स्वतःचे वर्तन बदलणाऱ्या संचाची, कल्पना जोसेफ मिटोला यांनी १९९९ मध्ये मांडली.

एकट्या संचाची अडचण मीरा-भाईंदरमध्ये चटकन लक्षात येते. समजा, वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्यावरून संकेत येत आहे. मीरा रोडच्या उंच इमारतींआड, तळमजल्यावर ठेवलेल्या संचाला तो ऐकूच येणार नाही. पट्टा मोकळा समजून हा संच बोलू लागेल आणि शेजारच्या गच्चीवरच्या अँटेनाचे चित्र बिघडवेल. मिठागरांच्या उघड्या कडेवरच्या संचाला मात्र तोच संकेत मिळू शकतो. म्हणून सगळे संच आपले निरीक्षण एका केंद्राकडे पाठवतात.

त्या केंद्राने निकाल कसा लावायचा, हा या विषयाचा गाभा. तीन संचांपैकी प्रत्येकाला खरा संकेत ६० टक्के वेळा सापडतो आणि १० टक्के वेळा नसलेलाच भासतो, असे धरू. एकानेही ‘आहे’ म्हटले की मान्य केले, तर शोध ९३.६ टक्क्यांवर जातो. पण खोटा इशाराही २७.१ टक्के होतो. बहुमत घेतले तर खोटा इशारा २.८ टक्क्यांवर उतरतो, शोध मात्र ६४.८ टक्केच राहतो. परवानाधारकाला जपायचे असेल, तर पहिला नियमच योग्य. हे गणित संच परस्परस्वतंत्र असतील तरच खरे. एकाच इमारतीच्या सावलीतले दहा संच जवळपास एकाच संचाइतके. मुद्दाम खोटे कळवणारा संचही निकाल फिरवू शकतो.

संवेदन सगळीकडेच लागते असे मात्र नाही. वसईच्या खाडीपलीकडे, पालघर जिल्ह्यातील खेड्यांत, आयआयटी मुंबईने दूरचित्रवाणीच्या मोकळ्या पट्ट्यांतून ब्रॉडबँड पोहोचवण्याचा प्रयोग केला. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधील १५ वाहिन्यांपैकी किमान १२ देशात जवळपास सर्वत्र मोकळ्या असल्याचे तिथल्या संशोधकांनी दाखवले होते. प्रक्षेपक थोडे आणि एका जागी स्थिर असले, की मोकळ्या वाहिन्यांची नोंदवही पुरते. अमेरिकेच्या नियामकानेही २०१० मध्ये नोंदवही वापरणाऱ्या संचांवरची संवेदनाची सक्ती काढली. संवेदनाची खरी गरज उरते ती वायरलेस मायक्रोफोनसारख्या, कुठल्याच नोंदवहीत नसलेल्या फिरत्या वापरकर्त्यांसाठी.