जुन्या आउटबोर्ड इंजिनाचा इंधन-तेल पंप : बिघाड कसा ओळखावा, बदल कसा करावा

बोटीच्या मागील फळीवर बाहेरच्या बाजूने बसविल्या जाणाऱ्या इंजिनाला आउटबोर्ड मोटर म्हणतात. अमेरिकेतील तळी, नद्या आणि किनाऱ्यांवर १९८० व १९९०च्या दशकांतील अशी हजारो टू-स्ट्रोक इंजिने आजही वापरात आहेत. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही त्यातील दोन प्रमुख नावे. या इंजिनांचे आयुष्य बरेचसे एका छोट्या पंपावर अवलंबून असते. हा पंप बंद पडल्याचे अनेकदा इंजिन जळाल्यानंतरच ध्यानात येते. तिकडे स्थायिक झालेल्या आणि हौसेने जुनी बोट विकत घेणाऱ्या मराठी मंडळींनी तरी या पंपाची ओळख करून घेतलेली बरी.

पंपाची गरज का भासली?

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी तेलाची वेगळी टाकी खाली नसते. पेट्रोलबरोबर येणारे तेलच पिस्टन आणि बेअरिंगला वंगण पुरविते. जुन्या बजाज स्कूटरच्या टाकीत पेट्रोलबरोबर मोजून ऑईल घालावे लागे, हे अनेकांना आठवत असेल. कायनेटिक होंडात मात्र ऑईलची टाकी स्वतंत्र होती आणि मिश्रणाचे काम पंप करीत असे. आउटबोर्ड मोटरमध्येही नेमके हेच घडले.

अमेरिकेतील आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन अर्थात ओएमसी या कंपनीने जॉन्सन आणि एव्हिनरूड इंजिनांसाठी १९८४च्या मॉडेलपासून 'व्हीआरओ' ही यंत्रणा आणली. व्हेरिएबल रेशो ऑईलिंग, म्हणजे गरजेनुसार बदलणारे तेलाचे प्रमाण, असा त्याचा अर्थ. पूर्ण वेगात पेट्रोलच्या ५० भागांना तेलाचा १ भाग, तर मंद गतीत १५० भागांना १ भाग, असे सुरुवातीचे गणित होते. त्यामुळे धूर कमी होई आणि तेलाची बचत होई. पुढे पंपात अनेक सुधारणा झाल्या आणि नावही बदलले. परंतु जुने मेकॅनिक त्याला आजही व्हीआरओच म्हणतात.

रचना आणि दोष

पिस्टन वर-खाली होताना त्याखालच्या क्रँककेसमध्ये आळीपाळीने दाब आणि निर्वात निर्माण होतो. एका बारीक नळीतून ही स्पंदने पंपापर्यंत पोहोचतात आणि त्यातील पडदा हलवितात. या एकाच हालचालीवर पेट्रोल ओढणारा आणि तेल ओढणारा असे दोन्ही भाग चालतात. दोन्ही द्रव पंपातच मिसळून कार्बोरेटरकडे जातात.

बिघाडाचे प्रकार मुख्यत्वे तीन. पहिला, स्पंदनांवर चालणारा भाग निकामी होणे. यात पेट्रोल आणि तेल दोन्ही थांबतात, इंजिन अडखळते आणि बंद पडते. हा बिघाड त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायचा. दुसरा, पडदा फाटणे. मग स्पंदनांच्या नळीतून कच्चे पेट्रोल एकाच सिलिंडरमध्ये शिरते आणि त्याचा प्लग सतत ओला राहतो. तिसरा सर्वांत घातक. पेट्रोलचा भाग उत्तम चालतो, पण तेलाचा भाग थांबतो. इंजिन नेहमीसारखेच, किंबहुना कमी धूर सोडीत धावते आणि काही वेळाने पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. किनाऱ्यापासून दूर असताना हे घडले तर प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबरी पडदे आणि नळ्या लवकर खराब होतात. इंजिनाने 'बॅकफायर' केल्यास उलट येणाऱ्या दाबानेही पडद्याला इजा होते. ती टाळण्यासाठी स्पंदनांच्या मार्गात एक छोटा दाबरोधक बसविलेला असतो.

आधी निदान

पंपाला दोष देण्यापूर्वी पेट्रोलची टाकी, गाळणी, नळ्या आणि हाताने दाबावयाचा रबरी फुगा तपासावा. पंपाकडे येणाऱ्या नळीत कोठेही हवा शिरत असेल, तर नवा पंपही तीच लक्षणे दाखवील. इंजिन अडखळत असताना फुगा दाबल्यावर ते सावरले, तर दोष इंधनपुरवठ्यात आहे, असे समजावे.

त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. हे टाळू नये. ज्या सिलिंडरमधून स्पंदने घेतली जातात तोच कमजोर असेल, तर पंपाला बळ मिळणार नाही. तेलाअभावी पिस्टन आधीच ओरखडला असेल, तर नव्या पंपावरील खर्च पाण्यात जाईल.

पंप बदलताना

काम मोकळ्या हवेत करावे, बॅटरीची ऋण तार काढावी आणि आसपास ठिणगी उडेल असे काहीही ठेवू नये. नवा पंप इंजिनाच्या मॉडेल क्रमांकावरूनच निवडावा. बाहेरून सारखे दिसणारे पंप आतून वेगळे असू शकतात.

पंपाला मुख्यतः चार नळ्या असतात : येणारे पेट्रोल, येणारे तेल, बाहेर जाणारे मिश्रण आणि स्पंदने. काढण्यापूर्वी प्रत्येकीवर खूण करावी आणि छायाचित्र घ्यावे. प्लॅस्टिकच्या तोट्यांवरून नळ्या ओढू नयेत. क्लॅम्प कापून, गरज पडल्यास नळीच लांबीच्या दिशेने चिरून ती सोडवावी. कडक झालेल्या नळ्या, पेट्रोलची गाळणी आणि दाबरोधक याच वेळी नवे घालावेत. तेलाच्या टाकीतील गाळणी स्वच्छ करावी.

क्लॅम्पच्या बाबतीत काटकसर नको. स्क्रूने आवळायचे सर्वसाधारण क्लॅम्प प्लॅस्टिकच्या तोटीला तडा देऊ शकतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेलेच क्लॅम्प वापरावेत. तेलाच्या नळीतून तेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे तेथील सैल जोड बाहेर थेंबही गळू देत नाही, मात्र आत हवा घेतो आणि तेल थांबते. पंपाला नळी जोडण्यापूर्वी तिच्या टोकातून बुडबुडे नसलेले तेल येईपर्यंत ते वाहू द्यावे.

खरी परीक्षा

पंप बसविला म्हणजे काम संपले, असे नव्हे. पेट्रोलच्या टाकीत ५०:१ या प्रमाणात तेल मिसळून घ्यावे. १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर. तेल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचेच असावे. त्याच वेळी तेलाची स्वतंत्र टाकीही भरून पातळीवर खूण करावी आणि इंजिन चालवावे. दोन्हीकडून तेल येत असल्याने धूर जास्त निघेल. त्याची चिंता नको. खुणेखालील तेल स्पष्टपणे उतरलेले दिसले, तरच पंप तेल ओढतो आहे, हे सिद्ध होते. त्याआधी टाकीत साधे पेट्रोल भरू नये. धोक्याची सूचना देणारा भोंगा वाजतो की नाही, हेही पाहावे. मुका भोंगा नसल्यासारखाच.

दुसरा मार्ग

काही मालक पंपाचा तेलाचा मार्ग कायमचा बंद करून पेट्रोलमध्ये हाताने तेल मिसळणे पसंत करतात. हा मार्ग साधा आहे, पण एकदाही विसरून चालत नाही. बोट दुसऱ्या कुणाला चालवायला दिली वा विकली, तर टाकीच्या झाकणाजवळ ठळक सूचना लिहिलेली असावी.

ओएमसीने डिसेंबर २०००मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. २००१मध्ये ही नावे कॅनडाच्या बॉम्बार्डियरकडे गेली आणि २०२०मध्ये एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादनही थांबले. जुनी इंजिने मात्र धावतच आहेत. त्यांची निगा आता कंपनीपेक्षा मालकाच्या सावधपणावर अधिक अवलंबून आहे. दर हंगामाच्या आरंभी तेलाच्या टाकीवर एक रेघ ओढावी आणि ती पातळी खाली जाते का, हे पाहावे. या तपासणीला खर्च काहीच नाही.