रक्त आवाज का करतं? 'ब्रुई'ची कुळकथा

डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हृदयाचे ठोके ऐकतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण कधी कधी ते तो मानेवर, पोटावर किंवा जांघेतही ठेवतात. तिथे काय ऐकायचं असतं? निरोगी मोठ्या माणसाच्या रोहिणीतून (शुद्ध रक्तवाहिनीतून) रक्त बहुधा गुपचूप वाहतं. फुंकर घातल्यासारखा 'सूं-सूं' आवाज आला, तर त्याला आम्ही 'ब्रुई' म्हणतो. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ नुसता 'आवाज'.

या आवाजाचा इतिहास स्टेथोस्कोपपेक्षाही जुना आहे. अठराव्या शतकात कोपरापाशी शीर कापून रक्त काढणं हा सर्रास उपचार होता. कधी पातं शिरेतून आरपार जाऊन खालच्या रोहिणीत घुसे आणि दोन्ही वाहिन्या एकमेकींना जोडल्या जात. १७५७ साली लंडनमध्ये विल्यम हंटर यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं. शीर फुगलेली, बोटाला थरथर जाणवते आणि आत फुसफुस चालू. रोहिणीतलं रक्त थेट शिरेत शिरतंय, हे त्यांनी ओळखलं.

१८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लाएनेक यांनी कागदाची सुरळी करून छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. हृदयात व रोहिण्यांत ऐकू येणाऱ्या या आवाजाला त्यांनी लोहाराच्या भात्याची उपमा दिली. मात्र तो वाहिनीच्या आकुंचनामुळे येतो, ही त्यांची समजूत पुढे टिकली नाही.

खरं कारण उलगडायला एका अभियंत्याची मदत झाली. १८८३ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडली. वेग कमी असताना धार दोऱ्यासारखी सरळ राहिली; ठरावीक वेगापुढे ती विस्कटून भोवरे झाले. रक्ताचंही तसंच. वाहिनी अरुंद झाली की तिथे वेग वाढतो, पुढे भोवरे होतात, भिंत थरथरते आणि आवाज येतो.

तुमचं बीपी मोजतात तेव्हा हाच प्रकार आम्ही मुद्दाम घडवून आणतो. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे सर्जन निकोलाय कोरोत्कोव यांनी दंडाला पट्टा आवळून, तो सैल करताना रोहिणीवर कान दिला. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज संपतो तो खालचा.

मानेतल्या आवाजाला खरं महत्त्व आलं ते १९५१ नंतर. मिलर फिशर या कॅनडाच्या मेंदूतज्ज्ञाने दाखवलं, की अनेकांच्या लकव्याचं मूळ मेंदूत नसून मानेतल्या कॅरोटिड रोहिणीत असतं. १९५४ मध्ये लंडनच्या सर्जननी असा रोगट भाग काढून रोहिणी पुन्हा जोडल्याचं प्रसिद्ध केलं.

आता तुमच्या कामाचं. ब्रुई म्हणजे ब्लॉकेज असं समीकरण मांडू नका. रक्त कमी असणं, थायरॉइड वाढणं, ताप, गरोदरपण यांतही रक्त वेगाने वाहून आवाज येतो. लहान मुलांत तर काही आजार नसतानाही येतो. उलट वाहिनी जवळजवळ बंद झाली की वाहायला रक्तच उरत नाही आणि आवाज थांबतो. म्हणून आवाज सापडला तर डॉपलर सोनोग्राफी करावी लागते. आणि नाही सापडला, तरी तोंड वाकडं होणं, हाताची शक्ती जाणं, बोबडी वळणं असं काही मिनिटांपुरतंही झालं, तर 'गेलं आपोआप' म्हणून घरी थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा.

हंटरनी पाहिलेला अपघात आज उपचार झाला आहे. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी डायलिसिससाठी मनगटापाशी रोहिणी व शीर मुद्दाम जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आपण तिला 'फिस्टुला' म्हणतो. तुमच्या घरी डायलिसिसचा रुग्ण असेल, तर त्या जागी रोज बोट ठेवून थरथर पाहा, कान लावून आवाज ऐका. तिथे आवाज असणं ही चांगली खूण आहे. तो बंद पडला, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.