वतन गेले, जमिनीचे काय झाले?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तत्त्वज्ञान शिकला आणि आता डेटाबेस सांभाळून पोट भरतो, चालायचंच. तो सांगत होता, "सर, पोस्टग्रेसमध्ये आपणच तयार केलेला एखादा रोल, म्हणजे अधिकारपद, काढायला गेलं आणि त्या रोलच्या नावावर एखादं टेबल असलं, तर ते साफ नकार देतं. आधी मालकी दुसऱ्याकडे वर्ग करा, परवानग्या काढून घ्या, मग रोल काढा." आम्हांला एकदम वतनं आठवली.

गावगाड्यात पाटीलकी, कुलकर्ण, महारकी ही पदं वंशपरंपरेने चालत. प्रत्येक पदाला काम, हक्क आणि बहुधा जमीन चिकटलेली. इंग्रजांनी १८७४ च्या कायद्याने हे सगळं बांधून टाकलं. महारकीच्या कामाला तर मोजमापच नव्हतं. सारा तालुक्याला पोचवायचा, वर्दी द्यायची, साहेबाचं सामान वाहायचं, रात्री-अपरात्री हाक आली की धावायचं. घरातला एक आजारी पडला तर दुसऱ्याने जायचं. मोबदला काय, तर तुटपुंजी जमीन आणि रयतेच्या मर्जीवरचं बलुतं.

१९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यातली मेख बघा : ज्याला सेवा सोडायची त्याला सोडू द्या, जमीन मात्र त्याच्याकडेच राहू द्या; तो पूर्ण सारा भरेल. म्हणजे पद काढताना मालकीचा निकाल आधीच लावलेला! विधेयक त्यांना पुढे मागे घ्यावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर पदं भराभर गेली. कुलकर्णी वतनं १ मे १९५१ पासून, महार वतनासारखी कनिष्ठ वतनं १ ऑगस्ट १९५९ पासून, मुलकी पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून. जमीन आधी सरकारकडे गेली आणि ठरावीक रक्कम भरली की वतनदाराला परत. महार वतनाला ही रक्कम आकाराच्या तिप्पट होती. पण परत आली ती शर्तीवर : कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, वाटून घ्यायची नाही.

ही शर्त कुलकर्णी-पाटलांच्या जमिनींनाही होती, हे खरं. धनदांडग्यांनी गरिबाची जमीन लाटू नये हा हेतूही खोटा नव्हता. तरी आमचं मत असं, की ज्याच्याकडे एवढाच तुकडा होता त्याला ती सर्वांत जड गेली. अडीनडीला परवानगीचे हेलपाटे कोण घालणार? कच्च्या कागदावर व्यवहार झाले, आणि मग शर्तभंगाची नोटीस त्याच्याच दारात.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात पाटील, कुलकर्णी आता आडनावांपुरते उरले. पोलीस पाटील असतो, पण तो १९६७ च्या कायद्याने नेमलेला. पद बापाकडून येत नाही. जुन्या पदाची खूण सातबाऱ्यावर मात्र सापडते, 'भोगवटादार वर्ग २' या शब्दांत. पुढच्या वेळी येताना आपापल्या गावचा एखादा उतारा घेऊन या, मिळून वाचू.